विंडोजमधली जुनी दारं: कोणती लावायची, कोणती उघडी ठेवायची

नाशिकच्या अंबडमधल्या एका वर्कशॉपमधून सकाळी सव्वासातला फोन आला. पहिली पाळी नुकतीच सुरू झाली होती. "सर, दोन मशीनं उभी आहेत. फोल्डरच उघडत नाहीये, प्रोग्राम कुठून घेऊ?" आदल्या संध्याकाळी मीच तिथल्या फाइल ठेवायच्या कॉम्प्युटरवर एका चौकोनातली टिक काढली होती. त्या चौकोनापुढे लिहिलेलं असतं, 'एसएमबी १.० / सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट'. टिक काढणं बरोबरच होतं, हे मी आजही म्हणेन. पण शेडमधली दोन जुनी सीएनसी मशीनं (कॉम्प्युटरच्या हुकुमाने धातू कापणारी) अजून त्याच वाटेने प्रोग्राम उचलतात का, हे मी आधी कुणाला विचारलं नव्हतं. चूक माझी होती. धावत जाऊन टिक परत लावली, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, मशीनं सुरू झाली. पण ऑपरेटरांचा तासभर गेला, आणि सुपरवायझरांना वरून बोलणी खावी लागली.

तेव्हापासून विंडोजमधले असे जुने घटक बंद करायचा विषय मी भेटेल त्याला समजावून सांगतो. न बघता बंद केलं तर काम अडतं, हे मी स्वतः अनुभवलं. आणि कुणी बंदच केलं नाही तर काय होतं, हे मे २०१७ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं.

आधी हे घटक असतात तरी कशासाठी, ते बघू.

प्रोग्रामला फाइल उघडायची असो, प्रिंट काढायची असो, शेजारच्या कॉम्प्युटरवरून काही आणायचं असो, तो ते स्वतः करत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे, म्हणजे विंडोजसारख्या मूळ सॉफ्टवेअरकडे, मागणी करतो, आणि ती मागणी ठरलेल्या भाषेतच करावी लागते. दहा-पंधरा वर्षांत ही भाषा बदलते, सुधारते. जुना प्रोग्राम मात्र जुन्याच भाषेत मागत राहतो. तो बदलणार तरी कोण? लिहिणारी कंपनी बंद पडलेली असते, नाहीतर लिहिणारा माणूस केव्हाच पुण्याला निघून गेलेला असतो. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टिम पदरी एक दुभाषा ठेवते. जुन्या भाषेतली मागणी ऐकायची, नव्या भाषेत आत सांगायची, आणि आतून आलेलं उत्तर पुन्हा जुन्या भाषेत प्रोग्रामला द्यायचं. या दुभाष्यांनाच कम्पॅटिबिलिटी घटक म्हणतात.

यातले काही दुभाषे कायमचे असतात. तुमच्या ६४-बिट (म्हणजे नव्या बांधणीच्या) विंडोजवर ३२-बिट (जुन्या बांधणीचे) प्रोग्राम चालतात ते 'वाव-६४' नावाच्या घटकामुळे, आणि घरच्या विंडोजमध्ये तो बंद करायची सोयच नाही. बंद केला तर निम्मं काम थांबेल. पण काही दुभाषे ऐच्छिक असतात. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'विंडोज फीचर्स' टाइप केलं की 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' नावाची एक छोटी खिडकी उघडते. चौकोन, चौकोनात टिक, आणि पुढे समजायला अवघड अशी नावं. बहुतेक लोक ती खिडकी एकदा उघडतात आणि घाबरून बंद करतात. घाबरायचं कारण नाही, पण घाईही करायची नाही.

त्यातल्या एसएमबीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याच्यामुळे झालं आहे.

एका कॉम्प्युटरवरचं फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसतं, त्यामागची बोलणी एसएमबी नावाच्या पद्धतीने होतात. तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना तांत्रिक भाषेतसुद्धा 'डायलेक्ट' म्हणजे बोलीच म्हणतात. पहिली बोली १९८० च्या दशकातली. तेव्हा नेटवर्क म्हणजे एका ऑफिसातले चार कॉम्प्युटर, आणि बाहेरचा माणूस त्यात शिरेल ही कल्पनाच नव्हती. दुसरी बोली विंडोज व्हिस्टासोबत आली, तिसरी विंडोज ८ सोबत. दोन कॉम्प्युटर भेटले की आधी 'तुला कोणती बोली येते?' असं एकमेकांना विचारतात, आणि दोघांना येणाऱ्यांपैकी सगळ्यात नवी निवडतात. म्हणजे तुमच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर गेल्या दहा वर्षांतले असतील, तर पहिली बोली कुणीच बोलत नाही. तरीही तिचा दुभाषा चालू राहिला असेल तर तो दारात कान देऊन बसलेला असतो. कुणी परक्याने येऊन जुन्या बोलीत हाक मारली, तर तो ओ देतो.

जुन्या नाशकातले, गोदाघाटाकडचे वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. अशा वाड्याला मागे नदीकडे उतरणारं एक दार असायचं. पाणी भरायला, धुणं न्यायला बायका त्या दाराने घाटावर जात. घरात नळ आले, धुणं घरातच होऊ लागलं आणि त्या दाराचं काम संपलं. दार मात्र तसंच राहिलं. त्याची कडी गंजली आहे का, फळी कुजली आहे का, हे बघायला कुणी जात नाही, कारण तिकडे कुणाचं जाणंच नाही. मग गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागतं, आणि ऑगस्ट २०१९ सारखा पूर आला की पाणी पुढच्या भक्कम दरवाजाशी भांडत बसत नाही. ते मागच्या दाराने घरात येतं.

१२ मे २०१७ ला हेच झालं. 'वॉनाक्राय' नावाचा किडा जगभर पसरला. कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फाइल कुलूपबंद करायच्या आणि सोडवायला बिटकॉइनमध्ये पैसे मागायचे, हा त्याचा धंदा. दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. हा किडा एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर उडी मारायचा, ती एसएमबीच्या पहिल्या बोलीतल्या एका खोटीतून. कुणी मेल उघडायची, चुकीच्या लिंकवर क्लिक करायची गरज नव्हती. कॉम्प्युटर चालू आहे आणि नेटवर्कला जोडलेला आहे, एवढं पुरे होतं.

मला यातल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की मायक्रोसॉफ्टने ही खोट दुरुस्त करणारं अपडेट १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं नाही ते सापडले. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं, पण एसएमबीची पहिली बोली बंद करून ठेवली होती, त्यांच्याकडे किड्याला त्या वाटेने शिरताच आलं नाही. दारच नसेल तर कडी दुरुस्त करायला विसरलात तरी चालतं. आणि आपल्याकडे छोट्या ऑफिसांत अपडेट विसरणं किती सर्रास होतं, हे मी रोज बघतो.

मायक्रोसॉफ्टमधले एसएमबी सांभाळणारे लोक २०१६ पासूनच 'ही बोली वापरणं थांबवा' असं उघड सांगत होते. २०१७ च्या शरदातल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटपासून तर ती नव्या कॉम्प्युटरवर आपोआप बंद होऊ लागली. होम आणि प्रो आवृत्तीत एक सोय ठेवली: कॉम्प्युटर चालू असताना एकूण पंधरा दिवस ही बोली कुणी वापरली नाही, तर विंडोज स्वतःच तो घटक काढून टाकतं. मग काळजी कशाला? काळजी त्या कॉम्प्युटरांची, जिथे एखाद्या स्कॅनरसाठी कुणीतरी कधीतरी टिक मुद्दाम लावली आणि नंतर विसरून गेलं. नाशिकमध्ये मला अशी टिक सापडते ती नेहमी तीन जागी: जुनं झेरॉक्स-स्कॅनर मशीन जिथे स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकतं तिथे, जुन्या सीएनसी मशीनांच्या कॉम्प्युटरवर, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या नेटवर्क हार्ड डिस्कच्या पेटीपाशी.

इथे एक बारकावा आहे, आणि तो कळला तर निम्मं काम सोपं होतं. विंडोजच्या त्या खिडकीत एसएमबी १.० च्या पुढचं अधिकचं चिन्ह दाबलं की आत तीन चौकोन दिसतात: 'ऑटोमॅटिक रिमूव्हल', 'क्लायंट' आणि 'सर्व्हर'. सर्व्हर म्हणजे दुसरं कुणीतरी तुमच्या कॉम्प्युटरकडे येऊन जुन्या बोलीत मागणार. क्लायंट म्हणजे तुमचा कॉम्प्युटर दुसऱ्याकडे जाऊन जुन्या बोलीत मागणार. वॉनाक्राय शिरला तो सर्व्हरच्या बाजूने. तुमची गरज फक्त जुन्या हार्ड डिस्कच्या पेटीतल्या फाइल बघायची असेल, तर क्लायंट पुरतो. सर्व्हरची टिक काढून टाका. स्कॅनर फोल्डरमध्ये कागद टाकतो तिथे मात्र सर्व्हर लागतो, कारण तिथे स्कॅनर तुमच्या दारी येतो. त्याआधी स्कॅनरच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. पुष्कळ मशीनांत नव्या बोलीचं अपडेट आलेलं असतं, किंवा स्कॅन थेट मेलवर पाठवायची सोय असते. ती चालू केली की प्रश्नच मिटतो.

जुनं म्हणजे फक्त कमी सोयीचं नव्हे

लोक म्हणतात, "जुना घटक तिथे पडून राहिला तर काय बिघडलं? वापरतोय कोण?" वापरत कुणी नाही, नेमकी तीच अडचण आहे. जो रस्ता रोज हजारो माणसं तुडवतात त्यातला खड्डा दुसऱ्या दिवशी बोंब होऊन भरला जातो. आडवाटेचा खड्डा वर्षानुवर्षं राहतो.

डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातले १६-बिट प्रोग्राम चालवायला ३२-बिट विंडोजमध्ये 'एनटीव्हीडीएम' नावाचा घटक होता. जानेवारी २०१० मध्ये गूगलमधल्या टॅव्हिस ऑरमँडी या संशोधकाने त्यातली एक खोट जाहीर केली. साधा वापरकर्ता त्या खोटीतून संपूर्ण कॉम्प्युटरचा मालक होऊ शकत होता. ती खोट १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ पासून तिथेच होती. सतरा वर्षं! या सतरा वर्षांत मायक्रोसॉफ्टने किती विंडोज काढली, किती परीक्षा घेतल्या, पण या कोपऱ्यात कुणाचं लक्ष गेलं नाही. अपडेट येईपर्यंत करायचा उपाय साधा होता, १६-बिट प्रोग्रामना मनाई करायची, म्हणजे तो घटक बंद. विंडोज ८ पासून तो मुळातच बंद येऊ लागला.

हे फक्त विंडोजचं दुखणं आहे असं समजू नका. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातही, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या तिच्या मूळ भागातही, ३२-बिट प्रोग्रामांसाठी दुभाषा आहे. जुलै २०२१ मध्ये अँडी गुयेन या संशोधकाने त्यातली एक चूक दाखवली. ती २००६ पासूनची, म्हणजे पंधरा वर्षं जुनी होती. चूक कशी झाली ते समजण्यासारखं आहे. ३२-बिट प्रोग्राम जी माहितीची कोष्टकं पाठवतो त्यांचे रकाने अरुंद असतात, ६४-बिट गाभ्याला रुंद रकाने लागतात. दुभाषा अरुंद कोष्टकावरून रुंद कोष्टक उतरवून घेतो आणि उरलेल्या जागेत शून्यं भरतो. खतावणी एका वहीतून मोठ्या वहीत उतरवताना रिकाम्या रकान्यात रेघ मारतात, तसंच. पण एका ठिकाणी ही शून्यं भरताना तो पानाच्या कडेच्या थोडं बाहेर गेला आणि शेजारच्या पानावर शून्यं पडली. ती चार-दोन शून्यंच होती. तेवढ्यावरून गुयेनने सगळ्या मशीनचा ताबा मिळवून दाखवला.

या दोन्ही खोटींत भाषांतर करणारा स्वतः गाभ्यात, सर्वाधिकार घेऊन बसलेला होता. बाहेरच्याचं बोलणं ऐकायचं आणि आतल्या तिजोरीपाशी उभं राहायचं, ही दोन कामं एकाच माणसाकडे. दुभाष्याच्या कामातच हा धोका आहे. त्याला निष्काळजी प्रोग्रामर जबाबदार आहेत असं मला वाटत नाही.

तिसऱ्या प्रकारच्या धोक्यात तर खोट असायचीही गरज नसते. विंडोजमध्ये 'पॉवरशेल' नावाचं कमांड देऊन काम करायचं साधन आहे. त्याच्या पाचव्या आवृत्तीत चांगला पहारा बसवला: चालवलेली प्रत्येक कमांड नोंदवता येते आणि संशयास्पद मजकूर आधी अँटीव्हायरसकडे जातो. पण जुन्या स्क्रिप्ट चालाव्यात म्हणून दुसरी आवृत्तीही शेजारी ठेवली होती, आणि तिच्यावर हा पहारा नव्हता. चोर काय करणार? तो पहिल्याच ओळीत सांगतो, 'मला दुसऱ्या आवृत्तीत चालव.' पुढच्या दारी कॅमेरा आणि रखवालदार, आणि मागचं दार नुसतं लोटलेलं. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये ती आवृत्ती मोडीत काढायची घोषणा केली, आणि विंडोज ११ मधून ती २०२५ मध्ये खरोखर काढली. विंडोज १० वर अजून असाल तर त्या खिडकीत 'विंडोज पॉवरशेल २.०' शोधा आणि टिक काढा. माझ्या पाहण्यात छोट्या ऑफिसातलं एकही काम यामुळे अडलेलं नाही. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे तिथे जी दारं लावता येतील ती लावणं जास्तच गरजेचं आहे.

मग सगळंच बंद करायचं का?

नाही. सरसकट बंद करायला सांगणाऱ्या व्हिडिओंनी लोकांना फसवलं आहे. 'या दहा गोष्टी बंद करा, कॉम्प्युटर विमानासारखा पळेल' असं त्यात असतं. असल्या घटकांनी कॉम्प्युटर हळू होत नाही. न वापरलेला दुभाषा जवळजवळ काहीच खात नाही. बंद करायचं कारण वेग नसून दार आहे, हे पक्कं लक्षात ठेवा, म्हणजे कुठे थांबायचं ते कळेल.

मी कुठल्याही घटकाकडे बघताना आधी विचार करतो की बाहेरचा माणूस इथपर्यंत पोचू शकतो का. एसएमबीचा सर्व्हर नेटवर्कवर कान लावून बसतो, त्याच्यापर्यंत कुणीही पोचतो. 'डायरेक्टप्ले' हा जुन्या गेमसाठीचा घटक तुम्ही गेम लावल्याशिवाय काही करत नाही. मग बघतो की त्याच्या हातात अधिकार किती आहेत, तो गाभ्यात बसतो की साध्या प्रोग्रामसारखा चालतो. आणि शेवटी, त्याची डागडुजी अजून कुणी करतंय का. या हिशेबाने 'डॉट नेट ३.५' मी सहसा हात न लावता ठेवतो. तो जुना आहे खरा, पण कितीतरी हिशेबाचे, बिलिंगचे, पगारपत्रकाचे प्रोग्राम त्याच्यावर उभे आहेत आणि त्याला जानेवारी २०२९ पर्यंत मायक्रोसॉफ्टची अपडेट मिळणार आहेत. ज्या कॉम्प्युटरवर असा एकही प्रोग्राम नाही तिथे तो लावूच नका, एवढंच.

इंटरनेट एक्सप्लोररचंही असंच. तो जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण जुन्या पोर्टलांसाठी 'एज' ब्राउझरमध्ये त्याचा एक मोड ठेवला आहे. तुमचं काम एखाद्या जुन्या साइटवाचून अडत असेल तर तेवढीच साइट त्या मोडच्या यादीत टाका. ती नोंद तीस दिवसांनी आपोआप जाते आणि परत टाकावी लागते. लोक याला वैतागतात. मला मात्र ही सोय आवडते, कारण महिन्यातून एकदा तरी 'हे अजून लागतंय का?' असा विचार करावा लागतो.

आता बंद करायची रीत. अंबडच्या सकाळी जे केलं नाही ते आधी करायचं, म्हणजे विचारायचं. माणसांना विचारा आणि कॉम्प्युटरलाही विचारा. एसएमबीसाठी विंडोजमध्ये तपासणीची सोय आहे. पॉवरशेलमधून एसएमबी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'एसएमबी १ ऑडिट' चालू केलं की जो कोणी जुन्या बोलीत येईल त्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत, एसएमबी सर्व्हरच्या ऑडिट भागात, ३००० या क्रमांकाखाली होते, आणि येणाऱ्याचा पत्ताही तिथे असतो. ही नोंद मी किमान एक पूर्ण महिना चालू ठेवतो. आठवडा पुरत नाही, कारण महिनाअखेरीला एकदाच वापरला जाणारा स्कॅनर किंवा पगाराच्या दिवशीच उघडणारा प्रोग्राम आठवड्यात दिसत नाही. महिनाभरात नोंद नसेल तर निर्धास्त टिक काढा. असेल तर पत्ता हातात आहे. त्या मशीनपाशी जा.

एका वेळी एकच घटक बंद करा. रीस्टार्ट करा, दोन दिवस काम करू द्या, मग पुढचा. तीन टिक एकदम काढल्या आणि काहीतरी अडलं, तर कशाने अडलं ते शोधण्यात दिवस जातो. आणि सकाळी मशीनं सुरू व्हायच्या तोंडावर हे काम करू नका.

बंद केलेला घटक बहुतेक वेळा खरोखर पुसला जात नाही, ही धीर देणारी गोष्ट लोकांना माहीत नसते. विंडोज त्याच्या फाइल आपल्या कोठारात ठेवतं आणि फक्त वापरातून काढतं. परत टिक लावली की तो परत येतो, अंबडला आला तसा. फाइलसुद्धा काढून टाकायचा वेगळा मार्ग आहे, पण तो कमांड देऊन मुद्दाम घ्यावा लागतो. डॉट नेट ३.५ हा अपवाद; त्याच्या फाइल मुळातच कॉम्प्युटरवर नसतात, टिक लावल्यावर इंटरनेटवरून उतरतात. म्हणून इंटरनेट नसलेल्या मशीनवर तो काढताना आधी दोनदा विचार करा.

एसएमबी १ बंद केल्यावर एक फोन हमखास येतो: "नेटवर्कमध्ये बाकीचे कॉम्प्युटर दिसेनासे झाले." काहीही मोडलेलं नसतं. ती जुनी यादी दाखवणारी सेवा जुन्याच बोलीवर अवलंबून होती. फोल्डर जागच्या जागी असतात. दोन उलट्या तिरक्या रेघा आणि कॉम्प्युटरचं नाव टाइप केलं की उघडतात, आणि एकदा ड्राइव्ह म्हणून जोडून दिले की कुणाला यादीची आठवणही होत नाही. यादी हवीच असेल तर सर्व्हिसेसमध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी' नावाच्या दोन सेवा आपोआप सुरू होतील अशा करून ठेवा.

जे बंद करता येत नाही त्याचं काय

रविवार कारंजाच्या आसपास एक डीटीपीवाले काका आहेत. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, देवस्थानांचे अहवाल अशी त्यांची कामं, आणि आता सिंहस्थाची पत्रकंही येऊ लागली आहेत. त्यांचं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीचं. त्यात वीस-बावीस वर्षांची कामं साठलेली, आणि ते जुन्या ३२-बिट विंडोजवरच चालतं.

"काका, हे मशीन इंटरनेटला कशाला जोडलंय?"

"अरे, मेलवर मजकूर येतो ना. आणि व्हॉट्सअॅपवर प्रूफ पाठवायचं."

"मग ते सगळं या दुसऱ्या कॉम्प्युटरवर करू. याची वायर काढू."

"काढ बाबा, पण माझी अक्षरं गेली तर मी काय करू?"

त्यांची अक्षरं जाऊ नयेत म्हणूनच वायर काढायची होती. जुनं मशीन तसंच राहिलं, सगळे दुभाषे चालू, पण नेटवर्कशिवाय. मेल आणि व्हॉट्सअॅप शेजारच्या नव्या कॉम्प्युटरवर. मधे एकच पेन ड्राइव्ह, तोही फक्त या दोघांमधला, आणि नव्या कॉम्प्युटरवर तपासल्याशिवाय तो जुन्यात जात नाही. पहिले आठ दिवस काका कुरकुरले. आता नवी कामं हळूहळू युनिकोडमध्ये घेतात, जुन्या मशीनला हात लागतो तो फक्त जुनी पत्रिका काढायची असेल तेव्हा.

सिन्नरकडच्या एका पतसंस्थेतली अडचण उलटी होती. तिथल्या अकाउंटंट ताईंनी नवा ६४-बिट कॉम्प्युटर घेतला आणि फॉक्सप्रोमधला डॉसच्या काळातला खात्यांचा प्रोग्राम उघडेना. "दादा, कुठली टिक लावू सांगा, मी लावते." पण टिक नव्हतीच. एनटीव्हीडीएम प्रोसेसरच्या ज्या खास मोडवर डॉस प्रोग्राम चालवायचा, तो मोड प्रोसेसर ६४-बिटमध्ये चालताना मिळतच नाही, म्हणून ६४-बिट विंडोजमध्ये तो घटकच नाही. तिथे 'डॉसबॉक्स'सारखा एमुलेटर लावला. हा दुभाषा वेगळ्या जातीचा असतो. तो एक अख्खा जुना कॉम्प्युटर स्वतःच्या पोटात उभा करतो आणि जुना प्रोग्राम त्यात चालवतो. स्वतः मात्र तो साधा प्रोग्राम असतो. विंडोजच्या गाभ्याशी त्याची ऊठबस नाही. आतल्या जुन्या प्रोग्रामने गोंधळ घातला तरी तो बहुतेक त्या पेटीतच राहतो. म्हणून जिथे निवडीला वाव असतो तिथे मी ऑपरेटिंग सिस्टिममधल्या जुन्या घटकापेक्षा एमुलेटर पसंत करतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पासबुक छापायचं जमवायला आणखी दोन दिवस गेले, ते वेगळं. त्याच वेळी त्यांच्या डीबीएफ फाइल (खात्यांची माहिती ज्यात साठते त्या) लिबरऑफिसमध्ये उघडून दाखवल्या, म्हणजे उद्या प्रोग्राम गेला तरी खाती वाचता येतील एवढी खात्री त्यांना झाली.

लिनक्स वापरणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी थोडक्यात: जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ गाभ्यापासून ३२-बिटचा दुभाषा कॉम्प्युटर सुरू होतानाच एका पर्यायाने बंद ठेवता येतो. सर्व्हरवर जरूर करा. ज्या लॅपटॉपवर स्टीमवरचे गेम चालवता तिथे करू नका, ते ३२-बिटवर अवलंबून असतात. फाइल वाटायला सांबा वापरत असाल तर २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून एसएमबीची पहिली बोली तिथे मुळात बंदच असते. कुठल्या जुन्या सल्ल्यावरून ती तुम्ही सेटिंगमध्ये परत चालू केली नाहीत ना, तेवढं बघा. ओपनबीएसडी या आणखी एका ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी तर २०१६ मध्ये लिनक्सचे प्रोग्राम चालवणारा आपला दुभाषा सरळ काढूनच टाकला. अॅपलने २०१९ मध्ये ३२-बिट प्रोग्राम बंद केले तेव्हा ओरड झाली, पण निर्णय टिकला.

अंबडच्या त्या दोन मशीनांसाठी शेवटी काय केलं ते सांगतो. मशीनं बदलणं मालकांना परवडणारं नव्हतं, आणि त्यांचा कंट्रोलर नवी बोली शिकणार नव्हता. म्हणून दोन नेटवर्क कार्डं असलेला एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर मधे ठेवला. एका कार्डाला फक्त ती दोन मशीनं, दुसऱ्याला ऑफिस. मशीनांच्या बाजूला एसएमबीची जुनी बोली चालू आहे, ऑफिसच्या बाजूने ती ऐकूच येत नाही. तिकडून प्रोग्राम एसएफटीपी या फाइल पाठवायच्या सुरक्षित पद्धतीने येतो. त्या कॉम्प्युटरवरून इंटरनेट कुठेच जात नाही. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर टिक काढलेली आहे. मधल्या कॉम्प्युटरवर एक कागद चिकटवलाय: जुनी बोली कशासाठी चालू आहे, कोणत्या दोन मशीनांसाठी, कधी चालू केली. सुपरवायझरांनी त्याखाली पेनाने लिहिलंय, 'मशीन विकल्यावर हे बंद करणे'.